दारापुढचं सिमेंट

मी इंजिनियर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात 'मला काय ठाऊक' असं म्हणायची सोय मला नाही. तंजावूरच्या एका कॉलेजात मी मुलांना पाणी शिकवते. ते किती पडतं, कुठं वाहतं, कुठं अडवायचं, कुठं सोडायचं. फळ्यावर बाण काढून काढून हात दुखतात. मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात, त्यांच्यावर मी चिडते. मी मेली स्वतः काय लक्षात ठेवलं ते आता बघा.

आमची गल्ली किल्ल्याच्या आतली. घरं एकाच बाजूला, समोर एका शाळेची मागची लांब भिंत. गल्ली ती केवढी, दोन ऑटो समोरासमोर आल्या तर एकीनं मागं जायचं. वरच्या टोकाला आमचं घर, त्यात मी आणि आई दोघीच. खालच्या टोकाला काकू, म्हणजे माझ्या अप्पांच्या, वडलांच्या, धाकट्या भावाची बायको. काका कधीच गेले, मुलगा बंगळूरला कंपनीत, काकू एकट्या. त्यांच्या घरामागं कुळम आहे, जुनं चौकोनी तळं, पायऱ्या बांधलेलं. एके काळी गल्लीचं पाणी काकूंच्या भिंतीकडेनं जाऊन त्या तळ्यात पडायचं. मग मध्ये दुकानं उठली आणि ती वाट बुजली.

त्यात रस्ता. दर चार-पाच वर्षांनी कोणीतरी येऊन जुना थर न खरवडता त्यावर सिमेंटचा नवा थर चढवून जायचं. थरावर थर चढून रस्ता वर आला आणि घरं खाली गेली. मी लहान असताना काकूंकडं जायला तीन पायऱ्या चढायच्या असत. पुढंपुढं दोन उतराव्या लागू लागल्या.

आमचा पाऊस जूनचा नव्हे. तो दिवाळीच्या आगेमागे येतो आणि डिसेंबरभर रेंगाळतो. वर्षानुवर्षं त्या दिवसांत काकूंच्या घरात पाणी शिरायचं, फक्त त्यांच्याच. पलंगाच्या चारी पायांखाली त्यांनी विटा रचल्या होत्या. तांदळाचा डबा बाकावर, मिक्सर फळीवर, देव भिंतीत वर. सगळं घरच पाय उचलून बसलेलं. मुलगा दर वर्षी फोनवर भांडायचा, ये म्हणायचा, घर विकू म्हणायचा. काकू म्हणायच्या, "बंगळूरात मी काय करूं? तिथं सकाळी कोणी कोणाचं तोंडसुद्धा बघत नाही."

मग शहरात काही गल्ल्या पाणी जिरवणाऱ्या करायच्या ठरल्या. महापालिकेनं कॉलेजकडं आराखडा मागितला. मी लगेच हात वर केला आणि आमच्याच गल्लीचं नाव दिलं. स्वार्थ म्हणा हवं तर. मला काकूंचं घर कोरडं करायचं होतं, दुसरं काही नाही.

कल्पना साधी होती. पाण्याला हाकलायचं नाही. पडलं तिथंच जिरू द्यायचं, आणि उरेल तेवढंच सावकाश पुढं पाठवायचं. जुने थर फोडून रस्ता पुन्हा उंबऱ्यांच्या खाली आणला. त्यावर फटी ठेवून फरशा बसवल्या, फटींत बारीक खडी, फरशांखाली जाड्या खडीचा हातभर थर. शाळेच्या भिंतीकडेनं मातीचा खोलगट पट्टा काढला, त्यात वाळा आणि कर्दळ लावली. जे फटींतून जिरणार नाही ते पट्ट्यात उतरणार, आणि पट्टाही भरला तर शेवटच्या पाइपातून दुकानांच्या खालून थेट तळ्यात. मी घरोघर जाऊन हे समजावलं. लोकांनी फिल्टरची कापी पाजली, मान डोलावली. काम उन्हाळ्यात उरकलं.

काकूंच्या ओसरीवर बसून मी त्यांना शब्द दिला. "काकू, आता तुमच्या घरात पाणी येणार नाही. कधीच नाही." कोणताही शहाणा इंजिनियर 'कधीच' म्हणत नाही. मी म्हटलं. त्या वर्षी मुलगा तिकीट काढून न्यायला आला होता, त्याला त्यांनी माझ्या भरवशावर परत पाठवलं. तोही माझ्याकडं बघून म्हणाला, "अक्का, तू म्हणतेस ना? मग सरी, ठीक." तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

ऑक्टोबरात पाऊस आला आणि फरशांनी तो प्यायला. मी छत्री घेऊन गल्लीभर फिरले. फटींतून बारीक आवाज येत होता आणि पाणी कुठं साठतच नव्हतं. काकूंच्या उंबऱ्याशी रस्ता नुसता ओला. चार दिवस पाऊस झाला, आत थेंब नाही. पाचव्या दिवशी काकूंनी मला हाताला धरून आत नेलं. पलंगाखालच्या विटा काढून टाकल्या होत्या. तांदळाचा डबा खाली जमिनीवर आला होता. "बघ गे," त्या म्हणाल्या, "आता पलंगावर बसलं की पाय टेकतात माझे." मला इतका आनंद झाला की रडू आलं. विटा राहू द्या अजून एक पाऊस, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

इथपर्यंत सगळं बरं होतं. आता आईचं सांगते.

आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, पण दारापुढच्या जागेला आम्ही वासल म्हणतो आणि तिथल्या रांगोळीला कोलम. रोज पहाटे शेणसडा घालायचा आणि तांदळाच्या पिठानं कोलम काढायचा. आई सत्तरीच्या पुढची. गुडघे पार गेलेले, जिना चढताना दर पायरीला देवाचं नाव घेते. पण कमरेत वाकून कोलम काढायला लागली की तिला कोणी म्हातारी म्हणणार नाही. ठिपके मोजत नाही, नुसती चिमूट सोडत जाते, आणि शेवटी ओळ जुळलेली. गल्लीतल्या बायका तिचे कोलम वहीत उतरवून नेत. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, दारोदार रोज मोठे कोलम असतात, आणि त्या महिन्यात आमच्या गल्लीची राणी म्हणजे आई.

नव्या फरशांवर तिचा सडा टिकेना. पाणी शिंपडलं की गेलं. पीठ फटींत पडायचं, रेघ तुटायची, ठिपका खडीत जाऊन बसायचा. पहिल्याच दिवशी ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय वासल अहे का चाळण?"

"आई, पाणी खाली जावं म्हणूनच फटी ठेवल्यात."

"पाण्याचं तू बघ. लक्ष्मी कुठनं आत येणार ते मला बघायचं अहे."

मी हसण्यावारी नेलं. मग ती रोज बोलू लागली. मी खडू दिला, तो तिनं फेकला. कोलमचा स्टिकर आणला, तर अशा नजरेनं बघितलं की मी तो गुपचूप कपाटात टाकला. नोव्हेंबरच्या शेवटी एकदा आमचं चांगलंच वाजलं. शब्दानं शब्द वाढला. मी म्हटलं, "तुझ्या पिठापायी मी काकूंचं घर बुडवू काय?" दुसऱ्या दिवसापासून तिनं कोलम काढणंच सोडलं. पहाटे उठायची, सवयीनं पिठाची वाटी घ्यायची आणि ओट्यावर बसून राहायची. बायका विचारायच्या, "मामी, बरं नाही का?" आई म्हणायची, "माझ्या लेकीला विचारा."

पाच दिवस मी ते सोसलं. खरं सांगायचं तर मला तिची दया आली नाही, राग आला. आणि त्या रागातच मी हरले. आमच्या मागच्या न्हाणीघराचं काम करायला गवंडी आलाच होता. त्याला म्हटलं, दारापुढं एवढ्या एवढ्या जागेवर सिमेंट ओढ, गुळगुळीत कर. हातानं चौकोन दाखवला. एवढ्याशानं काय होतंय! मी कागदावर गणितही केलं, लाज नाही मला. एका घरापुढचा एवढासा तुकडा, पाऊस अमुक, खडीचा थर तमुक. काही फरक पडत नव्हता. गणित अगदी बरोबर होतं. एकाच घराचं होतं, एवढंच.

गवंडी कसबी माणूस. न सांगता त्यानं तुकड्याला रस्त्याकडं उतार दिला, म्हणजे उंबऱ्याशी पाणी थांबायला नको. हत्यारं धुतलेलं सिमेंटचं पाणी त्यानं शेजारच्या फरशांवर ओतलं. ते मी बघितलं, आणि फटी बुजतील असं मनात आलंही. कॉलेजला उशीर होत होता म्हणून निघून गेले.

दुसऱ्या पहाटे आईनं त्या तुकड्यावर कोलम काढला. नुसता बघत राहावा असा. मी दारात उभी होते. तिनं वर बघितलं नाही, पण चेहरा खुलला होता, आणि मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आठवड्यात शेजारीण आली. "टीचरम्मा, तुमचा गवंडी आमच्याकडं पाठवा ना. मार्गळी तोंडावर आली." मी म्हटलं, "अहो, त्या फटी मुद्दाम आहेत." ती हसली आणि तिनं आमच्या दाराकडं नुसतं बोट दाखवलं. झालं. गवंड्याचा नंबर दिला. हो, मीच दिला.

त्यानंतर गल्लीला चेव चढला. हिनं केलं म्हणून तिनं केलं, तिनं केलं त्याहून मोठं पुढचीनं. मार्गळीचा कोलम मोठा असतो, त्याला जागा लागते, म्हणून सिमेंट उंबऱ्यापासून निघालं ते समोरच्या मातीच्या पट्ट्यापर्यंत जाऊन भिडलं. पट्ट्यातला चिखल कोलमवर येऊ नये म्हणून गवंड्यानं तिथं बोटभर उंच कड काढली. कोणी काव लावून लाल किनार रंगवली. पंधरा दिवसांत अख्खी गल्ली गुळगुळीत झाली. रस्त्याचं पाणी आता फटींत जाऊ शकत नव्हतं आणि कडेमुळं पट्ट्यातही उतरू शकत नव्हतं. पट्ट्यात नाही म्हणजे पाइपात नाही, म्हणजे तळ्यात नाही. हे मला रोज येता-जाता दिसत होतं. त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही.

मी का बोलले नाही? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दुसऱ्यांना फोडा म्हणायचं तर आधी आमचा तुकडा फोडायला हवा होता. आणि आईच्या डोळ्यांसमोर, मार्गळीत, तो फोडायचं धाडस मला झालं नाही. पोंगल झालं की बघू, असं मी ठरवलं. पाऊस बहुतेक संपलाच आहे, असंही ठरवलं. जणू पाऊस मला विचारून येतो!

एकदा संध्याकाळी काकूंनी विचारलं, "सगळ्यांनी घातलंय. मी पण घालून घेऊं कां गे?"

"नको काकू. तुमच्या दारात नको."

"कां? तुझ्या आईच्या दारात अहे की."

"तुमचं घर खाली आहे. तुमच्या फटी मोकळ्या राहू द्या."

"सरी, सरी. तू सांगतेस म्हटल्यावर मी कशाला विचारूं?" त्या हसल्या. गल्लीत एकट्या त्यांनीच माझं ऐकलं. त्यांचा कोलम तुटकतुटक यायचा, बायका चिडवायच्या, त्या म्हणायच्या, "माझ्या पुतणीनं सांगितलंय." आणि मला वाटत होतं, निदान काकूंचं तरी मी राखलं.

मार्गळीचे दहाबारा दिवस गेले असतील. पहाटे कोलम झाले आणि उजाडता उजाडता पाऊस सुरू झाला. समुद्रात वादळ असल्याचं आदल्या दिवशी टीव्हीवर सांगत होते, पण ते रोजच सांगतात. मला कॉलेजात मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची होती. निघताना काकूंच्या घरावरून जायला हवं होतं. मी वरच्या वाटेनं बसस्टॉपला गेले, चप्पल भिजू नये म्हणून.

दहाच्या सुमारास आईचा फोन आला. तिचा आवाज ओळखू येईना. "गल्लीतनं ओढा वाहतोय गे. काकू फोन घेत नाही. मी दारातनं हाका मारतें, पावसात काय ऐकूं जाणार?"

"कोणाला तरी पाठव ना!"

"शेजारणीचा नवरा जाऊन आला. दार बंद, आतनं ओ नाही. ती बंगळूरला गेली असेल म्हणतो तो."

काकू गेल्या असत्या तर आम्हाला न सांगता गेल्या असत्या का? मी प्रात्यक्षिकं तशीच टाकून पळाले. बस बंद पडल्या होत्या. एक ऑटोवाला कसाबसा तयार झाला. रस्त्यात जिथं तिथं गाड्या अडकलेल्या. जी वाट पाव तासाची, तिला दीड तास लागला. मी त्या माणसाला इतकी घाई लावली की शेवटी तो म्हणाला, "अम्मा, मी काय पोहत जाऊ?"

गल्लीच्या तोंडाशी उतरले. आमच्या दारापुढं पाणी थांबतच नव्हतं, सुसाट घसरत होतं. गवंड्यानं उतार छान दिला होता. प्रत्येक घर आपलं पाणी रस्त्यात ढकलत होतं आणि रस्ता ते सगळं खाली नेत होता. मातीच्या पट्ट्यातली कर्दळ आपली उभी, कडेच्या पलीकडं, तिथं पाणीच नाही. काकूंच्या दारापुढं मात्र तळं झालं होतं, गुडघ्याच्या वर. पट्ट्याचं खालचं टोक आणि पाइपाचं तोंड त्याच्याखाली गेलं होतं, पण उरलेल्या पाण्यापुरता तो बारका पाइप अख्ख्या गल्लीचं पाणी एकदम कुठं ओढणार? त्यांच्या मोकळ्या फटींतून बुडबुडे वर येत होते. बिचाऱ्या फरशा पीत होत्या तेवढं पीत होत्या.

ऑटोवाला माझ्या मागोमाग आला होता. त्यानं खांद्यानं दार रेटलं, कडी तुटली.

काकू पलंगाच्या पायाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. पाणी छातीशी. ओठ काळे पडलेले, हात पलंगाच्या कडेला घट्ट. खालचा तांदळाचा डबा उचलून बाकावर ठेवायला गेल्या आणि गुळगुळीत जमिनीवरून पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं, उठता येईना. सामान हलवायला वेळ नव्हताच, पाणी भसकन आलं म्हणाल्या. तीन तास तरी त्या तशा बसून होत्या. पलंग पूर्वीसारखा विटांवर उंच असता तर त्याच्यावर सकाळपासूनच बसून राहिल्या असत्या, डबाही वरच असता.

मला बघून म्हणाल्या, "आलीस? तांदूळ भिजले गे सगळे."

मी ओरडले, "मरूं देत ते तांदूळ!" दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

दवाखान्यात हाडाचं ऑपरेशन झालं. ते बरं झालं म्हणाले. पण छाती भरली ती सुटेना. मुलगा आला, रात्रंदिवस बाकावर बसून राहिला. मी रोज कॉलेज सुटल्यावर जायची. एकदा तो औषध आणायला खाली गेला होता. काकूंनी मला जवळ बोलावलं. बोलताना दम लागत होता.

"तू मनाला लावून घेऊं नको. तुझं काम चांगलं होतं. ऑक्टोबरात थेंब आला नाही. हा पाऊसच वेगळा. इथल्या नर्सनासुद्धा मी सांगितलं, माझ्या पुतणीनं बांधलंय म्हणून."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या रागावल्या असत्या का? मला नाही वाटत. 'तुझी आई हट्टी अहेच' म्हणून हसल्या असत्या. पण आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी मनाशी म्हटलं आणि त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. पोंगलच्या तीन दिवस आधी त्या गेल्या.

सुतक आम्हालाही. सुतकात कोलम नसतो. पोंगलच्या पहाटे गल्लीत दारोदार रथांचे, उसाचे, मडक्यांचे रंगीत कोलम होते. फक्त आमच्या दारापुढं आणि काकूंच्या दारापुढं काही नव्हतं. आमचा तुकडा कोरा, करडा. आई आतून बाहेर आलीच नाही. दिवसभर देवघरासमोर बसली होती, आणि देवाला दिवाही लावायचा नव्हता.

त्यानंतर दोन दिवसांनी मी गवंड्याला बोलावलं आणि म्हटलं, हे फोड. तो पहार घेऊन आला. लगेच बायका दारात आल्या. "काय झालं टीचरम्मा? चांगलं आहे की." "पाऊस तर संपला." "सुतक फिटलं की मामींना लागेल ना?" सगळ्या खरोखर काळजीनं विचारत होत्या. एकीनं काकूंची आठवण काढून डोळे पुसले. त्यांना कळलंच नव्हतं. या सिमेंटचा आणि त्या पाण्याचा संबंध त्यांना कोणी सांगितला नव्हता. सांगणारी मी होते. फोडायचं तर का फोडायचं ते सांगावं लागणार, आणि ते एकदा सांगितलं की पहिलं कोणी घातलं हेही सांगावं लागणार. गवंडी पहार टेकवून माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हटलं, "आज राहू दे. नंतर बोलावते." अजून बोलावलेलं नाही.

तेराव्याचं जेवण काकूंच्याच घरी झालं. भिंतीवर मांडीएवढ्या उंचीला ओलीची रेघ होती, खालचा रंग फुगलेला. पंगती उठल्या, भटजी गेले. आई भिंतीला टेकून बसली होती. गल्लीतल्या दोघीतिघी भांडी आवरत होत्या. मुलगा माझ्यापुढं येऊन बसला. डोकं भादरलेलं, त्यामुळं शाळेत जायचा तेव्हासारखा दिसत होता. त्यानं मला कापी दिली.

"अक्का, एक विचारूं?"

"विचार."

"ऑक्टोबरात चार दिवस पडला. आत काही नाही. त्या दिवशी तीन तासांत घर भरलं. मी हिशेब करून करून थकलो. तू हे बांधलंस, तू सांग. काही चुकलं होतं कां? कुठं काही तुंबलं होतं कां?"

आईनं मान खाली घातली. भांड्यांचा आवाज थांबला. एक वाक्य पुरलं असतं.

"नाही रे," मी म्हटलं. "पाऊसच तसा होता. कोणी काही करू शकलं नसतं."

त्यानं ओलीच्या रेघेकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे मीच तिला न्यायला हवं होतं. तिकीट हातात होतं माझ्या. मी फार ओढून धरलं नाही." आणि तोंड झाकून रडायला लागला. एवढा मोठा बाप्या माणूस, हुंदके देऊन.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असं मनाला लावून घेऊं नको," मी म्हटलं. काकूंचेच शब्द, आणि ते मी त्याला दिले. घरी जाताना आई म्हणाली, "बरं केलंस. बोलून ती परत येणार होती कां?" मला तेच ऐकायचं होतं.

तो अजून दर आठवड्याला फोन करतो. झोप लागत नाही म्हणतो. प्रत्येक वेळी फिरून फिरून त्या तिकिटावर येतो, आणि मी प्रत्येक वेळी पावसाचं सांगते. आता हे सगळं एकदा लिहून काढायचं म्हणून बसले. कॉलेजात इंग्रजीत लिहिते, बाहेर तमिळमध्ये लिहिते, दोन्ही मला याहून बरं येतं. देवनागरी मी मोठेपणी शिकले, अजून वेलांट्या चुकतात. तरी हे मराठीतच लिहिलं. आमच्या घरांत आता हे अक्षर कोणी वाचत नाही. तो मराठी छान बोलतो, पण वाचता त्याला येत नाही.